गिरणींतील मुलांचा कैवारी : लॉर्ड शाफ्ट्सबरी

शाळेची घंटा वाजली कीं मुलें वर्गांत येऊन बसतात आणि सायंकाळीं ती पुनः वाजली कीं धांवत घरीं जातात. ह्या दोन घंटांमधला वेळ मुलांचा आहे, तो त्यांनीं शिकण्यांत व खेळण्यांत घालवावयाचा आहे, ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिच्यासाठीं कोणाला कधीं भांडावें लागलें असेल असें मनांतहि येत नाहीं. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंड देशांत सहा-सात वर्षांच्या हजारों मुलांना जी घंटा ऐकूं येई ती शाळेची नसे, गिरणीची असे. ती पहांटे पांच-सहाच्या सुमारास वाजे, आणि तिच्या हांकेसरशी घराबाहेर पडलेलें मूल रात्रीं सात-आठ वाजेपर्यंत परत येत नसे. त्या मुलांचे तास त्यांना परत मिळवून देण्यासाठीं एका उमरावानें आपल्या आयुष्याचीं पन्नासांहून अधिक वर्षें वेंचलीं. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

अँटनी ॲशली कूपर ह्यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजीं लंडन शहरीं एका जुन्या सरदार घराण्यांत झाला. घरीं वैभव होतें, नोकरचाकर होते. नव्हती ती फक्त माया. वडील कठोर व आपल्याच कामांत गढलेले, आई मेजवान्या व समारंभ ह्यांत रमलेली. मुलांना आईबापांचा लळा नव्हता, धाक होता. त्या घरांत मारिया मिलिस नांवाची एक जुनी दासी होती. आईबाप असून पोरक्यासारखें वाढणाऱ्या ह्या मुलाला तिनें जवळ घेतलें, शुभवर्तमानांतील गोष्टी सांगितल्या व प्रार्थना करावयास शिकविलें. मुलगा सात वर्षांचा होतांच त्याला वसतिगृहाच्या शाळेंत धाडण्यांत आलें. तेथें घाण, मारहाण व थोरल्या मुलांची दांडगाई ह्यांशिवाय त्याच्या वांट्यास फारसें कांहीं आलें नाहीं. अशांत ती दासीहि वारली. मरतांना तिनें आपलें घड्याळ ह्या मुलाच्या नांवें ठेविलें होतें. पुढें तो मोठा उमराव झाला, हवीं तितकीं घड्याळें विकत घेऊं शकला असता; परंतु त्यानें जन्मभर तेंच घड्याळ वापरलें, आणि आपल्या सर्वांत जिवलग मैत्रिणीनें तें दिलें, असें तो लोकांस अभिमानानें सांगे. आमच्या वाचकांनीं हें घड्याळ ध्यानांत ठेवावें.

बाराव्या वर्षीं तो हॅरो येथील सुप्रसिद्ध शाळेंत गेला. तेथें चौदा-पंधरा वर्षांचा असतां एके दिवशीं टेंकडीच्या रस्त्यानें जात असतांना त्याला दारुड्यांच्या गाण्याचा गोंगाट ऐकूं आला. पाहतो तों कांहीं माणसें एका गरिबाची शवपेटी खांद्यावर घेऊन झोकांड्या खात येत होतीं. मागें रडणारें कोणी नव्हतें. वळणावर येतांच त्यांच्या हातून पेटी निसटून रस्त्यावर आदळली, आणि ते शिव्या देऊं लागले. मुलगा जागच्या जागीं खिळून राहिला. माणूस गरीब व एकटा आहे एवढ्याच कारणावरून त्याच्या देहाची अशी विटंबना व्हावी, हें त्याला सहन होईना. आपण मोठें झाल्यावर गरिबांचा कैवार घ्यावयाचा, असा निश्चय त्यानें त्या रस्त्यावर केला. आणि बालपणींचे पुष्कळ निश्चय विरून जातात तसा हा विरला नाहीं. त्या जागीं हॅरो शाळेच्या भिंतीवर ह्या प्रसंगाचें स्मारक म्हणून पुढें एक लेख बसविण्यांत आला.

ऑक्सफर्ड विद्यापीठाची परीक्षा पहिल्या वर्गांत उतरून १८२६ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ते पार्लमेंटचे सभासद झाले. वडील हयात असल्यामुळें त्या वेळीं त्यांना लॉर्ड ॲशली असें म्हणत. १८२८ पासून १८३० पर्यंत हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनमधील मंडळांतहि त्यांनीं काम केलें. त्याच सुमारास वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी करतांना त्यांनीं सांखळ्यांनीं बांधलेलीं, गवतावर निजणारीं माणसें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलीं, आणि तें काम त्यांनीं मरेपर्यंत सोडलें नाहीं. परंतु त्यांच्या नांवाशीं जें कार्य कायमचें जोडलें गेलें तें निराळेंच होतें. तें समजण्यासाठीं त्या काळच्या इंग्लंडांत काय घडत होतें हें आपण प्रथम पाहिलें पाहिजे.

त्यापूर्वीं शंभर वर्षें इंग्लंडांतील सूत व कापड खेडेगांवांतील झोंपड्यांतून निघत असे. बायका व मुलें सूत काढीत, पुरुष मागावर विणीत. हिंदुस्थानांतून जाणारें तलम व रंगीत सुती कापड तेथील लोकांना इतकें आवडूं लागलें होतें कीं, देशी धंदा बुडेल ह्या भीतीनें पार्लमेंटानें १७०० व १७२१ सालीं तें वापरण्याविरुद्ध कायदे केले. लोकांची हौस मात्र कायद्यानें मेली नाहीं. तसेंच कापड आपल्याकडे स्वस्तांत कसें काढतां येईल, ह्या विचारांत कारागीर पडले. १७३३ सालीं के नांवाच्या गृहस्थानें दोरी ओढतांच इकडून तिकडे धांवणारा धोटा काढला. विणणें झपाट्यानें होऊं लागलें, म्हणून सूत अपुरें पडूं लागलें. तेव्हां १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जनें एकाच वेळीं आठ चात्या फिरविणारा चरका बनविला. १७६९ सालीं आर्कराइटनें पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सूतयंत्राचा हक्क मिळविला आणि १७७१ सालीं क्रॉमफर्ड येथें आपली गिरणी काढली. १७७९ सालीं क्रॉम्प्टनचें यंत्र आलें, त्याचें सूत बारीकहि असे आणि मजबूतहि असे. जेम्स वॉटनें वाफेचें यंत्र सुधारल्यावर गिरणीला नदीकांठींच बसण्याचें कारण उरलें नाहीं. जेथें कोळसा व माणसें मिळतील तेथें ती उभी राहूं लागली.

हें इंग्लंडांतच प्रथम कां घडलें? जमिनींत कोळसा व लोखंड मुबलक होतें. नद्या, कालवे व बंदरें जवळ होतीं. व्यापारांत सांठलेला पैसा धंद्यांत घालावयास लोक तयार होते. माल खपविण्यास देशोदेशींच्या बाजारपेठा होत्या. आणि कापूस अमेरिकेंतून येत होता, जेथें तो गुलामांच्या श्रमानें स्वस्त पिकत असे. शिवाय गांवोगांवचीं मोकळीं कुरणें व सामाईक जमिनी कुंपणें घालून मोठ्या जमीनदारांनीं आपल्याकडे घेतल्यामुळें पुष्कळ गरीब कुटुंबांना खेड्यांत पोट भरणें कठीण झालें होतें. तीं माणसें शहरांकडे निघालीं. मँचेस्टर शहराची वस्ती १८०१ सालीं ७० हजारांच्या आसपास होती, ती १८५१ सालीं ३ लाखांवर गेली. घरें मात्र त्या मानानें वाढलीं नाहींत. एका खोलींत एक कुटुंब, तळघरांत दुसरें, रस्त्यावर उघडीं गटारें, पिण्याचें पाणी दूषित, आणि वर धुराड्यांचा काळा धूर, अशी ह्या नव्या शहरांची स्थिति झाली. हातमागावर विणणाऱ्या हजारों कुशल कारागिरांची मजुरी वर्षानुवर्षें उतरत गेली. संतापलेल्या मजुरांनीं कांहीं ठिकाणीं यंत्रें फोडलीं, तेव्हां १८१२ सालीं पार्लमेंटानें विणकामाचीं यंत्रें फोडणाऱ्यांना देहान्त शिक्षा ठरविली.

आणि मुलें? सूताच्या गिरणींत मुलांची गरज मोठ्या माणसांपेक्षांहि अधिक भासूं लागली. तुटलेला धागा जोडावयास बारीक बोटें लागतात. चालत्या यंत्राखालीं सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करावयास लहान अंग लागतें. शिवाय मूल थोड्या पैशांत काम करतें आणि उलट बोलत नाहीं. आरंभीं अनाथालयांतील व भिकारगृहांतील पोरकीं मुलें लंडनसारख्या दूरच्या शहरांतून गिरण्यांत धाडण्यांत येत. पुढें आईबापच आपलीं मुलें हात धरून नेऊं लागले. त्यांना निर्दय म्हणणें सोपें आहे. पण ज्या घरांत बापाची मजुरी निम्म्यावर आली तेथें मुलाचे चार पैसे आले नाहींत तर भाकरी येत नव्हती. दिवसाचे बारा, तेरा, कधीं कधीं चौदा तास उभें राहून मुलांचे गुडघे आंत वळत. संध्याकाळीं झोंप अनावर होऊन मूल यंत्रावर पडूं नये म्हणून मुकादम पट्ट्यानें मारी. कामकऱ्यांची आणखी एक तक्रार अशी होती कीं, कित्येक गिरण्यांत सकाळीं घड्याळ पुढें सारीत व संध्याकाळीं मागें ओढीत, आणि कामकऱ्यानें स्वतःजवळ घड्याळ बाळगणें हा अपराध मानीत. म्हणजे दिवस किती लांब आहे हें ठरविणें सूर्याच्या हातीं राहिलें नव्हतें, तें मालकाच्या हातीं गेलें होतें.

ह्या अन्यायाविरुद्ध ओरड प्रथम लॉर्ड ॲशली ह्यांनीं केली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. रिचर्ड ओस्टलर ह्यांनीं १८३० सालीं यॉर्कशायरमधील गिरण्यांची हकीकत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केली. मायकेल सॅडलर ह्यांनीं पार्लमेंटांत दहा तासांचें बिल आणलें आणि १८३२ सालीं चौकशी समितीपुढें कामकऱ्यांच्या साक्षी घेतल्या. परंतु त्याच वर्षाच्या निवडणुकींत लीड्स शहरीं सॅडलर ह्यांचा पराभव झाला. त्यांना हरविणाऱ्यांत मेकॉले हे होते. हिंदुस्थानांतील इंग्रजी शिक्षणाच्या वादांत ज्यांचें नांव आमच्या वाचकांनीं ऐकलें आहे, तेच हे. बिलाला पार्लमेंटांत वाली उरला नाहीं. तेव्हां जॉर्ज बुल नांवाचे एक धर्मोपदेशक कामकऱ्यांच्या वतीनें १८३३ च्या आरंभीं लॉर्ड ॲशली ह्यांच्या दारीं आले.

लॉर्ड ॲशली ह्यांनीं तोंवर गिरणी आंतून पाहिलीहि नव्हती. त्यांचें वय एकतीस, लग्न होऊन तीनच वर्षें झालेलीं, आणि पुढें मोठ्या अधिकाराची आशा. हें काम हातीं घेतलें तर श्रीमंत गिरणीवाले शत्रु होतील, स्वपक्षाचे पुढारी दूर धरतील, आणि बढतीचा मार्ग बहुधा कायमचा बंद होईल, हें त्यांना स्पष्ट दिसत होतें. त्यांनीं विचारास थोडा अवधि मागितला, प्रार्थना केली, आणि घरीं जाऊन पत्नी एमिली हिच्यापुढें सारी अडचण मांडली. ह्यापायीं तिलाहि काय काय सोसावें लागेल तें सांगितलें. तिनें क्षणाचाहि विलंब न लावतां हें काम स्वीकारण्याचा सल्ला दिला. पुढें १८४१ सालीं प्रधान सर रॉबर्ट पील ह्यांनीं राजवाड्यांतील मानाची जागा देऊं केली, तेव्हां ती घेतल्यास गिरण्यांच्या प्रश्नावर तोंड बांधलें जाईल, म्हणून त्यांनीं ती नाकारली. ह्यावरून पतिपत्नींचा तो निर्णय किती खरा होता तें कळून येतें.

१८३३ सालीं दहा तासांचें बिल पडलें, पण त्याच्या जागीं सरकारला आपला कायदा करावा लागला. त्यानें रेशमाच्या गिरण्या वगळून इतर कापडगिरण्यांत नऊ वर्षांच्या आंतील मुलांना काम देण्याची बंदी केली. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसास नऊ तास व अठरापर्यंतच्यांना बारा तास ही मर्यादा घातली. लहान मुलांना रोज दोन तास शिक्षण मिळावें असें ठरविलें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चार सरकारी तपासनीस नेमले. देश मोठा आणि तपासनीस चार! शिवाय त्या वेळीं जन्माची सरकारी नोंद नव्हती, ती १८३७ सालीं सुरू झाली. त्यामुळें सात वर्षांचें मूल नऊ वर्षांचें म्हणून सहज दाखवितां येई. तरीहि एक तत्त्व कायद्यांत आलें : मुलाच्या श्रमाचा सौदा हा केवळ मालक व बाप ह्यांचा खासगी व्यवहार नाहीं, तर त्यांत समाजालाहि बोलण्याचा अधिकार आहे.

ह्याच तत्त्वाला त्या काळच्या मोठमोठ्या विद्वानांचा विरोध होता. व्यापारांत सरकारनें हात घालूं नये, प्रत्येकानें आपल्या खुषीनें करार करावा, असें अर्थशास्त्र सांगत होतें. नॅसॉ सीनियर नांवाच्या ऑक्सफर्डच्या एका अर्थशास्त्रज्ञानें १८३७ सालीं असें गणित मांडलें कीं, गिरणीचा सारा नफा दिवसाच्या शेवटच्या तासांत निघतो. म्हणून तो तास तोडाल तर गिरणीच बंद पडेल आणि कामकरी उपाशी मरेल. हें गणित दुष्टाव्यानें केलेलें नव्हतें. पुष्कळ सज्जनांना तें खरें वाटे. म्हणूनच लढा कठीण झाला. निर्दयपणाशीं लढणें त्यामानानें सोपें असतें. विद्वत्तेचा पोषाख घातलेल्या चुकीशीं लढावयास वर्षें लागतात.

दरम्यान जमिनीखालचें एक जग उघडकीस आलें. १८३८ सालीं यॉर्कशायरमध्यें सिल्कस्टोन गांवच्या कोळशाच्या खाणींत अचानक पाणी शिरून २६ मुलेंमुली बुडून मेलीं. १८४० सालीं लॉर्ड ॲशली ह्यांच्या मागणीवरून मुलांच्या मजुरीची चौकशी करण्यासाठीं आयोग नेमण्यांत आला व त्याचा पहिला वृत्तान्त १८४२ सालीं चित्रांसह छापला गेला. पांच-सहा वर्षांचीं मुलें काळोखांत एकटीं बसून दिवसभर खाणींतील दारें उघडीत व लावीत होतीं. मुली व स्त्रिया कमरेला पट्टा व पायांमधून सांखळी बांधून, गुडघ्यांवर व हातांवर रांगत कोळशाच्या गाड्या ओढीत होत्या. शब्दांनीं जें झालें नव्हतें तें चित्रांनीं केलें. ७ जून १८४२ रोजीं लॉर्ड ॲशली पार्लमेंटांत दोन तास बोलले. भाषण संपल्यावर रिचर्ड कॉब्डन हे त्यांचे कट्टर विरोधक उठून त्यांच्याजवळ आले आणि त्यांनीं त्यांचा हात हातांत घेतला. त्याच वर्षीं स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे ह्यांना खाणींत उतरविण्याची कायद्यानें बंदी झाली. लॉर्ड ॲशली ह्यांनीं तेरा वर्षांची मर्यादा मागितली होती. उमरावांच्या सभेनें ती दहावर आणली.

दहा तासांचा लढा चालूच होता. १८४४ सालीं एकदां तर सभेनें त्यांच्या बाजूनें मत दिलें, परंतु प्रधानांनीं राजीनाम्याचा धाक घालून तें फिरविलें. पुढें धान्यावरील जकातीच्या प्रश्नावर आपलें मत बदललें आहे, आणि ज्या मतदारांनीं जुन्या मताच्या भरंवशावर आपल्याला निवडलें त्यांची ही फसवणूक होईल, असें वाटून जानेवारी १८४६ मध्यें त्यांनीं सभासदत्वाचा राजीनामा दिला. विजय जवळ दिसत असतांना केवळ प्रामाणिकपणासाठीं त्यांनीं रणांगण सोडलें. बिल जॉन फील्डन ह्यांच्या हातीं गेलें. फील्डन स्वतः एका मोठ्या गिरणीचे मालक होते, आणि लहानपणीं बापाच्या गिरणींत त्यांनीं स्वतः काम केलेलें होतें. त्या वर्षीं मेकॉले ह्यांनींहि जुना विरोध सोडून बिलाच्या बाजूनें भाषण केलें, तरी बिल अवघ्या दहा मतांनीं पडलें. अखेर १८४७ सालीं तें मंजूर झालें. ज्या मनुष्यानें चौदा वर्षें त्यासाठीं झीज सोसली तो त्या दिवशीं सभागृहांत सभासद म्हणून नव्हता.

तथापि गोष्ट येथें संपली नाहीं. मालकांनीं मुलांच्या व स्त्रियांच्या पाळ्या अशा तुकड्या पाडून लावल्या कीं, कोण किती तास राबला हें तपासनीसाला समजूंच नये; आणि १८५० सालीं न्यायालयानें ही युक्ति कायदेशीर ठरविली. पुनः पार्लमेंटांत आलेल्या लॉर्ड ॲशली ह्यांच्यापुढें पेंच पडला. सरकार ही पळवाट बुजवावयास तयार होतें, पण त्याबदल्यांत आठवड्याला दोन तास अधिक मागत होतें. त्यांनीं तडजोड पत्करली. सकाळीं सहा ते संध्याकाळीं सहा, त्यांत दीड तास जेवणाचा, आणि शनिवारीं दुपारीं दोनला सुटी, असें ठरलें. उत्तरेकडील कामकऱ्यांनीं त्यांना विश्वासघातकी म्हटलें. ज्यांच्यासाठीं सर्वस्व वेंचलें त्यांच्याच तोंडचा हा शब्द त्यांच्या जिव्हारीं लागला. तडजोड योग्य होती कीं नाहीं ह्याविषयीं मतभेद होऊं शकेल. परंतु कामाची वेळ केव्हां सुरू होते व केव्हां संपते हें त्या दिवसापासून कोणत्याहि घड्याळावर पडताळून पाहतां येऊं लागलें, आणि शनिवारची अर्धी सुटी कायद्यांत आली. दहा तासांचा दिवस १८७४ च्या कायद्यानें कामकऱ्यांच्या पदरीं पडला. आणि सीनियर ह्यांचें गणित? तास तुटले तरी गिरण्या बंद पडल्या नाहींत. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडचा कापडधंदा वाढतच गेला. थकलेल्या हातांपेक्षां विसावा घेतलेले हात अधिक चांगलें काम करतात, आणि मालकहि मग चांगलीं यंत्रें आणतो, हें त्या गणितांत धरलेलेंच नव्हतें.

१८५१ सालीं वडील वारल्यावर ते शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल झाले. गिरणीवाले पूर्वीं त्यांना टोमणा मारीत कीं, दुसऱ्याच्या गिरणींत डोकावणाऱ्यानें आधीं आपल्या बापाच्या शेतावरील मजुरांच्या झोंपड्या पाहाव्या. टोमणा खोटा नव्हता. वतन हातीं येतांच त्यांनीं त्या झोंपड्यांची स्थिति पाहिली, लाजून गेले, आणि डोक्यावर कर्ज असतांहि नवीं घरें बांधूं लागले. चिंध्या नेसलेल्या, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठीं मोफत शाळा चालविणाऱ्या संघाचे ते १८४४ पासून मरेपर्यंत अध्यक्ष होते. धुराडीं साफ करण्यासाठीं लहान मुलांना आंत चढविण्याची दुष्ट चाल बंद करावयास तर त्यांना अनेक कायदे करावे लागले. १८७५ सालीं एक मुलगा धुराड्यांत गुदमरून मेल्यावर शेवटचा कायदा झाला व ती चाल संपली.

त्यांचे दोषहि लपवूं नयेत. गरिबांचें दुःख ते जाणत, परंतु गरिबांच्या हातीं मताधिकार द्यावयास ते भीत. मजुरांच्या संघांवर त्यांचा विश्वास नव्हता. कामकऱ्यांसाठीं पुष्कळ करावें, पण त्यांनीं स्वतः सत्ता हातीं घेऊं नये, असें त्यांना वाटे. ह्या बाबतींत काळ त्यांच्या पुढें गेला.

त्यांच्या कार्याची एक शाखा आमच्या मुंबईपर्यंत येऊन पोंचली. कावसजी नानाभाई दावर ह्यांची मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं सुरू झाली. वीस वर्षांच्या आंत येथेंहि तेंच चित्र दिसूं लागलें : उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, लहान मुलें, आठवड्याची ठराविक सुटी नाहीं. १८७५ सालीं व पुनः १८७९ सालीं वृद्ध शाफ्ट्सबरी ह्यांनीं उमरावांच्या सभेंत हा प्रश्न काढला. त्यांच्या मागणीला लँकेशायरच्या ज्या गिरणीवाल्यांनीं पाठिंबा दिला त्यांचा हेतु मात्र शुद्ध नव्हता. मुंबईची स्पर्धा त्यांना नको होती, आणि म्हणून येथील अनेक देशभक्तांना हा कायदा म्हणजे आपल्या धंद्यावरचा घाला वाटला. परंतु सोराबजी शापुरजी बंगाली ह्यांच्यासारख्या मुंबईच्याच नागरिकानें मुलांसाठीं कायदा हवा म्हणून खटपट केली. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांना बंदी व बारापर्यंतच्यांना नऊ तासांची मर्यादा आली. तो अपुरा होता. पुढें नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, हजारों सह्यांचे अर्ज केले, आणि १८९० सालीं मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी मिळविली. जें शाफ्ट्सबरी ह्यांना पटलें नसतें तें लोखंडे ह्यांनीं दाखविलें : कामकरी स्वतः एकत्र येऊन बोलूं लागला म्हणजे तो आपला कैवार आपण घेऊं शकतो.

१ ऑक्टोबर १८८५ रोजीं फोकस्टन येथें लॉर्ड शाफ्ट्सबरी ह्यांचें निधन झालें. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें राजांच्या व कवींच्या शेजारीं त्यांना जागा मिळाली असती. परंतु आपल्या गांवच्या साध्या देवळांत पुरावें, ही त्यांची इच्छा होती. ॲबेमध्यें प्रार्थना झाली त्या दिवशीं लंडनच्या रस्त्यांवर दुतर्फा गरिबांची गर्दी लोटली होती. हॅरोच्या टेंकडीवर ज्या गरिबाच्या प्रेतामागें कोणी नव्हतें, त्याचें ऋण जणूं त्या दिवशीं लंडनच्या गरिबांनीं फेडलें.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रांवर राग धरण्याचें कारण नाहीं. तुमच्या अंगावरचा सदरा, हातांतलें पुस्तक हीं त्यांच्याच कृपेनें स्वस्त झालीं. परंतु यंत्राला माणसाची भूक, झोंप व बालपण कळत नाहीं. तीं त्याच्या मालकानें व त्याहून अधिक समाजानें जाणावीं लागतात. आपल्या देशांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. तरीहि कायदा पुस्तकांत असून मूल कामावर असतें, असें अजून घडतें. आम्हां शिक्षकांना हें हजेरी घेतांना कळतें. एखादें नांव पुकारतों आणि उत्तर येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं येत नाहीं, तिसऱ्या दिवशींहि नाहीं. चौकशी केली तर घरीं आजारपण असतें, कर्ज असतें, आणि मुलाला कोठें तरी लाविलें आहे असें कळतें. त्या आईबापांना दोष देण्याचें धैर्य आम्हांला होत नाहीं. पण पालकहो, तुमच्यापैकीं कोणावर तशी वेळ आलीच तर मुलाला कामावर धाडण्यापूर्वीं एकदां शाळेंत या, आमच्याशीं बोला. मार्ग काढण्याचा आपण मिळून प्रयत्न करूं. आणि मुलांनो, तुमच्या शेजारचें बाक रिकामें दिसलें तर संध्याकाळीं त्या मित्राच्या घरीं जा. मारिया मिलिस ही कोणी उमराव नव्हती. तिनें एका एकाकी मुलाची विचारपूस केली, एवढेंच.